बेळगाव ते सॅन फ्रान्सिस्को: १३,८०० किलोमीटर खरे, पण तास किती धरायचे?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: आई-बाबा फेब्रुवारीत भावाकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत, जुलैत परत येतील. इंटरनेटवर बेळगाव ते सॅन फ्रान्सिस्को टाकलं की अंतर १३,८०० किलोमीटर आणि वेळ सोळा तास दिसते. एजंटने दाखवलेल्या तिकिटात मात्र जाताना २५ तास आणि येताना २९ तास लागतात. शिवाय परतीला सोमवारी निघून बुधवारी पोहोचायचं आहे. बाबांना मधुमेह आहे. मग खरा आकडा कोणता, आणि गोवा, मुंबई, बेंगळुरू यातलं ‘जवळ’ काय पडेल?

ताई, दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. १३,८०० हा पृथ्वीच्या गोलावरचा हिशेब आहे, त्यात विमानही नाही आणि प्रवासीही नाही. २५ आणि २९ मध्ये तुमचे आई-बाबा आहेत. मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. कोणत्या मार्गाने जायचं, किती इंधन घ्यायचं, किती वाजता पोहोचू, हा हिशेब उड्डाणाआधी डिस्पॅचर मांडतो आणि कॅप्टनसोबत त्यावर सही करतो. त्या कामात सरळ अंतराचा आकडा आम्ही सुरुवातीला एकदा पाहायचो. पुढचं सगळं काम ते अंतर प्रत्यक्षात का उडता येत नाही, हे बघण्याचं असायचं.

आधी तो १३,८०० कुठून आला ते पाहू. सांबऱ्याचे, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचे, अक्षांश-रेखांश आणि सॅन फ्रान्सिस्कोचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलाच्या पृष्ठभागावरची सर्वांत आखूड रेषा काढायची, एवढंच ते संकेतस्थळ करतं. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर बेळगावपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून बघा. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे लांब दिसते. दोरा मात्र पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही जात नाही, तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो. हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक वृत्ताच्या वर, ७४ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग पलीकडे उतरतो. बेळगाव आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत १६३ अंशांचा फरक आहे. म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला जायचं आहे, आणि तिथे जायला वरून, म्हणजे ध्रुवाच्या बाजूने, सर्वांत कमी पडतं.

मग संकेतस्थळ त्या अंतराला साडेआठशे-नऊशेने भागतं आणि सोळा तास सांगून मोकळं होतं. मोठं जेट विमान ताशी नऊशेच्या आसपास चालतं हे बरोबर आहे. पण सांबऱ्याहून असं विमान निघतच नाही. आपला विमानतळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी बांधला गेला. वाढवून आज त्याची धावपट्टी २,३०० मीटर आहे. सोळा तासांचं इंधन भरलेल्या विमानाला ती पुरत नाही. त्यात सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंच आहे, आणि उंचीवर हवा विरळ असल्याने धाव आणखी लांब लागते. बेंगळुरूच्या धावपट्ट्या ४,००० मीटरच्या आहेत त्या याचसाठी. शिवाय सांबऱ्याला इमिग्रेशनही नाही. म्हणजे बेळगावहून पहिला टप्पा हा देशातल्याच एखाद्या मोठ्या विमानतळापर्यंतचा असणार हे ठरलेलं आहे.

मोठ्या विमानतळावरून पुढे गेलं तरी तो दोरा सरळ धरता येत नाही. पहिली अडचण तिबेटची. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला ताबडतोब दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन थोड्या वेळापुरताच असतो. तिबेटचं पठारच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे, तर उतरणार कुठे? म्हणून बहुतेक मार्ग त्या पट्ट्याला वळसा घालतात. दुसरी अडचण देशांच्या हद्दींची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि भारतानेही त्यांना केली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. २०२२ पासून रशियाची हद्द युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्यांना बंद झाली. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हद्द म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आकाशातही ती तेवढीच पक्की असते. म्हणून त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान दुसऱ्या कंपनीच्या विमानापेक्षा तासभर जास्त घेतं, आणि ते विमान हळू आहे असं लोकांना वाटतं.

आता वाऱ्याकडे येतो. माझ्या कामाचा जीव यातच होता, म्हणून इथे थोडा थांबणार आहे.

दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे जोरदार पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावर येऊन बसतो आणि त्यात ताशी दोनशे किलोमीटरचा वेग नवलाचा नसतो. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या तुलनेत नाही. हवाच पुढे सरकत असेल तर विमान तिच्यासह पुढे जातं, हवा समोरून येत असेल तर तेवढं मागे पडतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं, आणि तेही सॅन फ्रान्सिस्कोचंच आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. पण साडेचौदा तासांत विमान पोहोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! भागाकार करून पाहा, जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० च्या वर जातो. त्यातले नऊशे विमानाचे, बाकीचे पाठीमागच्या वाऱ्याने दिलेले.

जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला पहिलं थेट विमान आलं. कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्यासोबत कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या. ते उत्तर ध्रुवावरून आलं. त्या दोन शहरांमधलं सरळ अंतर १४,००० ला थोडं कमी आहे, प्रत्यक्षात उडालेलं अंतर सुमारे १६,००० किलोमीटर असल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं, आणि प्रवास साधारण सतरा तासांचा झाला. म्हणून अंतराच्या आकड्यावरून वेळ काढू नका असं मी आग्रहाने सांगतो. डिस्पॅचर चार-पाच मार्ग मांडतो आणि ज्यात वेळ आणि इंधन कमी लागतं तो घेतो. तो सर्वांत आखूड असतोच असं नाही.

‘जाताना समोर वारा असला तरी येताना पाठीमागे असतो, म्हणजे बरोबरी होते’ असं पुष्कळ जण म्हणतात. बरोबरी होत नाही. मुंबई-लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर आहे. वारा नसताना नऊशेने आठ तास, जाऊन-येऊन सोळा. आता शंभरचा वारा घ्या. जाताना वेग ८००, नऊ तास. येताना १,०००, सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून नुकसान नफ्यापेक्षा थोडं मोठंच असतं. आणखी एक समज असा, की पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेकडे जाताना गाव आपल्याकडे येतं. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, त्यामुळे तसं काही होत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने.

जुलैतल्या परतीबद्दल वेगळं सांगायला हवं. उन्हाळ्यात उत्तरेकडची जेट स्ट्रीम कमजोर होते आणि आणखी उत्तरेला सरकते. आपल्या डोक्यावर तर चित्रच उलटं होतं. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या बाजूला पश्चिमेचा वारा झोडपत असतो, त्याच वेळी बारा-पंधरा किलोमीटर वर दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा वारा वाहतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वेकडच्या जेट स्ट्रीमवर मांडणी केली होती. म्हणून फेब्रुवारीत परत येताना जेवढा पाठीमागचा वारा मिळाला असता तेवढा जुलैत धरू नका.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: सरळ रेषा उडता येत नाही, आणि जी रेषा उडतात तिचा वेळ वाऱ्यावर ठरतो. पण तुमच्या २५ आणि २९ तासांतला मोठा भाग यातलाही नाही, तो थांब्यांचा आहे.

उदाहरण म्हणून लंडनमार्गे मोजू. सांबरा-बेंगळुरू ४४५ किलोमीटर, बेंगळुरू-लंडन सुमारे ८,०५०, लंडन-सॅन फ्रान्सिस्को सुमारे ८,६००. एकूण १७,१०० च्या आसपास, सरळ अंतरापेक्षा ३,३०० जास्त. हवेतले तास बावीस-तेवीस. टोकियोमार्गे गेलं तर ४४५, ६,७०० आणि ८,२००, म्हणजे १५,४०० च्या आत, आणि फेब्रुवारीत पॅसिफिकवर वारा पाठीशी. कागदावर पूर्वेचा मार्ग सरस दिसतो. तरी तुमच्या आई-बाबांना मी तो डोळे झाकून सुचवणार नाही. टोकियोत अकरा तास थांबायचं असेल तर वाचवलेले तीन तास काय कामाचे? भाडं, थांबा आणि वाटेतला ट्रान्झिट व्हिसा यांवर ते ठरतं.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची ते सांगतो, म्हणजे मंगळवार कुठे गेला तेही कळेल. दोन्ही टोकांच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. आधी दोन्ही आपल्या घड्याळात आणायच्या, मगच वजाबाकी करायची. भारत आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. त्या काळात फरक साडेबारा तासांचा. म्हणजे तुमच्या जाण्याला एक आकडा आणि येण्याला दुसरा.

समजा फेब्रुवारीत शुक्रवारी सकाळी ११ ला सांबऱ्याहून निघाले आणि तिकडे शुक्रवारी रात्री १०:३० ला उतरले. घड्याळ म्हणतं साडेअकरा तास. त्यात साडेतेरा मिळवा, २५ तास झाले. आपल्याकडे तेव्हा शनिवारी दुपारचे बारा वाजलेले असतील. जुलैत सोमवारी दुपारी ३ ला तिकडून निघाले, तेव्हा आपल्याकडे मंगळवारी पहाटेचे साडेतीन. तिथून २९ तास म्हणजे बुधवारी सकाळी साडेआठ. मंगळवार कुठेही गेला नाही, तो विमानात आणि थांब्यात गेला, आणि जाताना शुक्रवार लांबला होता त्याची ही परतफेड.

या वेळा विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतच्या असतात, चाकांची अडण काढल्यापासून परत लावीपर्यंत. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या हे सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून वैमानिक कधी ‘आपण वीस मिनिटं लवकर पोहोचतोय’ असं सांगतो. त्या वीस मिनिटांवर पुढच्या विमानाचा हिशेब करू नका.

आता ‘जवळ काय पडेल’. इथे किलोमीटर पूर्ण बाजूला ठेवा. हवाई अंतराने सांबऱ्याहून मुंबई ४०० किलोमीटर, बेंगळुरू ४४५, फरक नगण्य. प्रश्न आहे तो एका तिकिटाचा. सांबऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर तिकीट मिळत असेल तर दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी तेच घ्या असं मी सांगेन. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं, आणि सामान साधारणपणे सांबऱ्यालाच पुढपर्यंत देता येतं. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि बेंगळुरूचं विमान चुकलं, तर पुढच्या तिकिटाची जबाबदारी कोणीच घेत नाही. साठी ओलांडलेल्या माणसांना त्या काउंटरवर उभं करू नये.

एकच तिकीट मिळत नसेल तर बेंगळुरूला आदल्या दिवशी पोहोचा, बेळगावहून रात्रीची रेल्वे त्यासाठी चांगली. विमानतळ देवनहळ्ळीला आहे, शहरातून तिथे जायला तास-दीड तास हाताशी ठेवा. मुंबईला रस्त्याने जायचं तर निपाणी, कोल्हापूर, साताऱ्यावरून नऊ-दहा तास, आणि मग मुंबईची रहदारी. एवढं बसून लगेच सोळा-सतरा तास विमानात बसणं मधुमेही माणसाच्या पायांना बरं नाही. शिवाय मुंबईचं तिकीट असेल तर विमानतळाचं नाव नीट वाचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आता तिथे दोन विमानतळ आहेत. जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ ते टर्मिनल २ हे गाडीने जाण्याचं अंतर आहे.

गोव्याचंही तेच, दाभोळी वेगळं आणि २०२३ पासून सुरू झालेलं मोपा वेगळं. तिकिटावर जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. खानापूरहून जांबोटी-चोर्लामार्गे गोवा रस्त्याने जवळ वाटतं खरं, पण अमेरिकेसाठी तिथूनही बहुधा दुसऱ्या मोठ्या विमानतळावर जावंच लागेल. जुलैत तर मी गोवा नकोच म्हणेन. घाटात दरड, पाऊस, धुकं, आणि लांबच्या प्रवासाने थकलेली दोन माणसं, हे एकत्र आणू नये.

थांबा किती असावा? देशातून परदेशी विमानात बदलताना चार तास, परदेशातल्या बदलाला तीन. दोन तासांचं तिकीट नियमात बसतं म्हणून विकतात, पण वयस्कर माणसांना त्यात धावावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे असेल तर धुक्यासाठी आणखी जास्त, फेब्रुवारीत तो धोका कमी होत जातो. एक गोष्ट एजंट बहुतेक वेळा सांगत नाहीत. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतरतील तिथेच इमिग्रेशन होतं आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, पुढे दुसरं विमान असलं तरी. अबुधाबीसारख्या काही ठिकाणी अमेरिकेचं इमिग्रेशन निघतानाच होतं, तेवढा अपवाद. म्हणून अमेरिकेत आणखी एक विमान बदलण्यापेक्षा सरळ सॅन फ्रान्सिस्कोलाच उतरणारं तिकीट बघा. इकडे थांबे हवे तेवढे चालतील, तिकडे नकोत.

बाबांच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या वेळा डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांकडे जाताना एक कागद घेऊन जा. प्रवासाचा प्रत्येक टप्पा भारतीय वेळेत लिहा: किती वाजता निघणार, विमानात पहिलं जेवण साधारण कधी, थांबा किती वाजता, पोहोचणार कधी. ‘सकाळी एक, रात्री एक’ या सूचनेला तिकडे अर्थ राहत नाही, ‘दर इतक्या तासांनी’ याला राहतो. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचेपर्यंत खानापूरच्याच वेळेवर राहू द्या. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. इन्सुलिन असेल तर ते सामानात टाकू नका, तिथे ते गोठण्याची भीती असते. दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगा, त्यासाठी आतल्या बाजूची, जाण्यायेण्याच्या वाटेलगतची जागा घ्या.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, उशिरात उशिरा निघण्याच्या ४८ तास आधी. बाबांना चालता येत असलं तरी नोंदवा. बदलाच्या विमानतळावर त्यांच्यासोबत एक माणूस असतो, तो योग्य गेटपर्यंत नेतो. मराठी-कन्नडवर आयुष्य गेलेल्या माणसांना परक्या विमानतळावर ती सोबत लागते.